फवारणीनंतर माणूस कोसळला तर

पीक छातीच्या वर गेले आणि हवा दमट झाली की फवारणीतून होणारी विषबाधा वाढते. उंच पिकात फवारा अंगावर उलटतो आणि घामेजल्या, तापल्या कातडीतून औषध जास्त शोषले जाते. ‘पोटात तर गेले नाही, मग कसली विषबाधा?’ हा समज इथेच घात करतो. ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली कीटकनाशके नुसत्या कातडीवाटेही रक्तात उतरतात.

सुरुवात डोकेदुखी, मळमळ आणि भरमसाट घामाने होते, म्हणून ऊन लागले असे वाटते. पण तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, पोटात कळा, मांसाच्या बारीक फडफडी आणि टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या दिसल्या, तर ते ऊन नव्हे. पंप तिथेच टाका, माणसाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला मोकळ्या हवेत न्या आणि रुग्णवाहिका बोलावा.

ती येईपर्यंत सगळे कपडे काढा, अगदी आतलेसुद्धा. चामड्याचा पट्टा आणि चपला विसरू नका. चामडे औषध शोषून घेते आणि धुऊनही निघत नाही. साबण आणि भरपूर पाण्याने केस, काखा, जांघा, नखांच्या कडा धुवा. डोळ्यांत गेले असेल तर साध्या पाण्याची धार 15 ते 20 मिनिटे सोडा. धुणाऱ्याने रबरी किंवा नायट्राइल हातमोजे घालावेत. ते नसतील तर हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवाव्यात.

औषध पोटात गेले असेल तरी उलटी करवू नका. मीठपाणी नको, दूध नको, घशात बोटे नकोत. शुद्ध हरपत असलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात शिरते आणि मूळ विषापेक्षा तीच आधी जिवावर बेतते. त्याला डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडेल.

झटके आले तर हातपाय दाबून धरू नका. दातखीळ उघडायला चमचा किंवा कापड घालू नका. त्याने दात तुटतात, श्वास अडतो. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, गळ्याजवळचे सैल करा आणि घड्याळ बघा. झटका 5 मिनिटांपुढे गेला किंवा शुद्ध न येता दुसरा आला, तर तो आपोआप थांबण्याची वाट पाहू नये. विषबाधेतला झटका मात्र छोटा असला तरी दवाखान्याचाच आहे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 दाब द्या. विष पोटात गेलेल्याला तोंडाने श्वास देऊ नका.

सोबत रिकामा डबा किंवा लेबलचा स्पष्ट फोटो न्यायलाच हवा. ‘पांढरी पावडर होती’ यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही, कारण विषागणिक उपचार वेगळा. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपिन हा उतारा देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर उतारा नाही आणि गरजेशिवाय दिलेला ऑक्सिजन फुप्फुसाचे नुकसान वाढवतो. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडतात. त्यावरही उतारा नाही. अशा गोळ्या ठेवलेल्या बंद खोलीतून माणूस बाहेर काढताना स्वतः आत कोंडून घेऊ नका.

अॅट्रोपिन सुरू झाल्यावर तोंड कोरडे पडते, चेहरा लाल होतो, रुग्ण बरळतो. नातेवाइकांना वाटते, औषधाने बिघडले, आणि ते घरी न्यायची घाई करतात. तसे करू नका. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर हे औषध काही मिनिटांच्या अंतराने वाढवत नेतात. कोरडे तोंड हे औषध लागू पडत असल्याचेही लक्षण आहे.

शुद्ध आली, माणूस बोलू लागला तरी लगेच सुट्टी मागू नका. काही रुग्णांत 1 ते 4 दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. घरी आल्यावरही त्याला झोपून उशीवरून मान उचलायला सांगा. ती उचलता आली नाही किंवा दम लागू लागला, तर त्याच क्षणी परत न्या.