फणसोंबा: ओळखायचा कसा, उगाळायचा कसा आणि कुठे थांबायचं

कोकणात, गोव्यात जुन्या फणसाच्या खोडाला चिकटलेलं लाकडासारखं टणक अळंबं दिसतं ना, तोच फणसोंबा. पावसाळ्यात आपण भाजी करतो त्या रोवण अळंब्यांशी याचा काही संबंध नाही, हा शिजवून खायचा प्रकारच नाही, सहाणेवर उगाळून वापरायचा. आजकाल कोरियाच्या न् चीनच्या मशरूमच्या महागड्या कॅप्सूल सगळीकडे दिसतात पण आपल्याकडचं हे औषध बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून लिहितेय.

आधी ओळख. वरची बाजू काळपट-करडी, भेगाळलेली, त्यावर वळ्यावळ्या, कारण हे अळंबं वर्षानुवर्षं थराथराने वाढतं. आकार साधारण बैलाच्या खुरासारखा. खालून बघितलं तर सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं, आणि तोडलं की आत तपकिरी-तांबूस. वरून वार्निश मारल्यासारखं चकचकीत, लालसर असेल आणि ताजं असताना खालची बाजू पांढरी असेल तर ते बहुतेक गॅनोडर्मा, म्हणजे रेशी नावाच्या औषधी मशरूमच्या कुळातलं, ते वेगळं. तरीपण स्वतः जंगलातून काढून आणू नका प्लीज. काष्ठौषधीच्या चांगल्या दुकानातून अख्खा तुकडा घ्या आणि वैद्यांना दाखवा. पावडर अजिबात नको, तिच्यात काय दळलंय ते कुणालाच कळत नाही. किडीची भोकं, कुबट वास, बुरशीचे पांढरे ठिपके असले तर परत करा.

वापरायची पद्धत बाळगुटीसारखीच. तुकडा धुऊन घ्यायचा, सहाण स्वच्छ करायची, उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे आणि हळूहळू वळसे द्यायचे. जोर लावून खरवडायचं नाही, नाहीतर लाकडाचा भुसा निघतो आणि तोंडात खरखरतो. गंधाइतका दाट तपकिरी लेप झाला की पुरे. तोंड आलं असेल तर स्वच्छ बोटाने फोडांवर लावायचा, थोडा वेळ ठेवायचा, मग चूळ भरायची. लेप दर वेळी ताजाच करायचा, सकाळचा संध्याकाळी नको. काम झालं की तुकडा धुऊन उन्हात खडखडीत वाळवून हवाबंद डब्यात, पावसाळ्यात तर नक्कीच, नाहीतर औषधावरच बुरशी येते.

लहान मुलांची लाळ फार गळत असेल तर हिरड्यांना हा लेप लावायची जुनी रीत आहे, आणि जुलाब, आव यांवर पोटातही देतात. इथे मात्र मी स्पष्ट सांगते, दात येताना लाळ गळणं नॉर्मल आहे, त्याला औषधाची गरजच नाही, आणि सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय वरचं काही नको. लाळेबरोबर ताप असेल किंवा बाळाला गिळता येत नसेल तर सरळ डॉक्टर. मुलांना जुलाब लागले तर ओआरएस आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक, तिथे फणसोंब्यावर वेळ घालवू नका.

आता फायद्यांचं. फणसोंबा म्हणून जे विकलं जातं ती एक जात नाही, फेलिनस गटातल्या अनेक जाती या एकाच नावाखाली येतात. याच गटातलं तुतीच्या झाडावरचं अळंबं चीन, जपान, कोरियात औषध म्हणून प्रसिद्ध आहे, 1968 साली जपानमध्ये त्याच्या अर्काचा उंदरांमधल्या गाठींवर परिणाम दिसला आणि तिथून त्याचं नाव झालं. या अळंब्यांमध्ये बीटा-ग्लुकॅन (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) आणि हिस्पिडिनसारखी पॉलिफेनॉल्स असतात, लॅबमध्ये अँटिऑक्सिडंट गुण दिसतात, हे सगळं खरं. पण उंदरातला रिझल्ट म्हणजे माणसाचा इलाज नव्हे, आणि जातच वेगळी असेल तर तो रिझल्ट आपल्या तुकड्याला लागू कसा करणार? त्यामुळे फणसोंब्याने कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागून ट्रीटमेंट सोडू नका. केमो चालू असेल, रक्त पातळ करायच्या किंवा डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील, गरोदर असाल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊच नका.

आणि हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: तोंडातला फोड किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा-लाल चट्टा दिसला, तोंड पूर्ण उघडत नाही असं वाटलं, तर लेप बंद करून तोंड तपासून घ्या. घरात तंबाखू, मिश्री, गुटखा खाणारं कुणी असेल तर त्यांना स्वतः घेऊन जा, कारण ती माणसं "उष्णतेने तोंड आलंय" म्हणत महिनोन्महिने काढतात.

अंगणातल्या फणसावर हे अळंबं आलं असेल तर आनंदाबरोबर झाडाकडेही बघा. याने खोडाचा आतला गाभा कुजत जातो, बाहेरचं अळंबं काढून टाकलं तरी आतली बुरशी राहतेच, त्यामुळे घरावर झुकलेली फांदी असेल तर पावसाळ्याच्या आधी जाणकाराकडून तपासून घ्या.