भाषेच्या भांडणात नवखा सापडतो तेव्हा

प्रोग्रॅमरच्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ‘जावास्क्रिप्ट ही काय भाषा आहे?’ या वादात मी हिरिरीने उतरलो. ती वाईट भाषा असल्याचा पुरावा म्हणून तिच्यात 0.1 + 0.2 करून दाखवलं. उत्तर आलं 0.30000000000000004. सगळे हसले. शेजारच्या सीनियरने एक शब्द न बोलता तेच पायथॉनमध्ये टाइप केलं. शेवटच्या 4 सकट तेच उत्तर! मग जावामध्ये. तिथेही तेच. अपूर्णांक बायनरीत साठवायची आयईईई 754 ही पद्धत तिन्ही भाषा वापरतात. मी पायथॉनवाला म्हणून मिरवत होतो आणि माझ्याच भाषेत हे कधी करून बघितलं नव्हतं.

पुढे आमचा एक रिपोर्ट अर्धा तास घ्यायला लागला. ‘पायथॉन स्लो आहे, गो भाषेत नव्याने लिहू’ अशी टूम निघाली. प्रोफायलर (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते दाखवणारं साधन) लावला, तर सगळा वेळ एकाच ओळीत जात होता. तीन लाख आयडींपैकी प्रत्येक आयडी दुसऱ्या तीन लाखांच्या लिस्टमध्ये शोधला जात होता, म्हणजे नऊ हजार कोटींपर्यंत तुलना. लिस्टचा सेट केला (त्यात एकेक तुलना न करता आयडी जवळपास थेट सापडतो) आणि काम काही सेकंदांत उरकलं. तेव्हापासून कुणी ‘अमुक भाषा स्लो’ म्हणालं की मी आधी कोड मागतो.

म्हणून सगळ्या भाषा सारख्याच, असं मात्र मी म्हणणार नाही. (ते म्हणणाऱ्यांवर तर माझा जास्तच राग आहे.) नेहमीच्या पायथॉनमध्ये जीआयएल नावाचं कुलूप असतं, ते एका वेळी एकाच थ्रेडला (प्रोग्रॅममधल्या समांतर कामाच्या एका धाग्याला) पायथॉन कोड चालवू देतं. त्यामुळे नुसती आकडेमोड असेल तर चार थ्रेड लावूनही वेग चौपट होत नाही. सी भाषेत मेमरी तुम्हीच सांभाळायची, आणि अनुभवी लोकही तिथे घसरतात. 2022 मध्ये मुख्यतः सीमध्ये लिहिलेल्या लिनक्स कर्नलने (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) 6.1 आवृत्तीत मेमरीच्या अशा बऱ्याच चुका आधीच पकडणाऱ्या रस्ट भाषेला दार उघडलं, त्यामागे हेच मोठं कारण होतं.

‘आधी कुठली शिकू?’ असं विचाराल, तर कुठलीही एक घ्या आणि त्यात एखादा प्रोजेक्ट तडीस न्या. दुसरी मात्र वेगळ्या घडणीची निवडा. पायथॉननंतर रुबी शिकलात तर फार काही हलणार नाही. गो किंवा रस्ट घेतलीत तर कंपायलर (कोड चालण्याआधी तो तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) टाइपवरून, म्हणजे आकड्याच्या जागी मजकूर दिलात तरी, अडवेल, आणि ते अडवणं कशासाठी असतं ते कळेल.

कुणी तावातावाने भांडायला लागलं, तर मी आता एवढंच विचारतो, ‘या भाषेने तुला कुठे रडवलं?’ सी++ला शिव्या देणाऱ्या एका सहकाऱ्याला हे विचारलं, तर वाद राहिला बाजूला. आधीच डिलीट झालेल्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या एका पॉइंटरने (मेमरीतल्या पत्त्याने) त्याचा अख्खा आठवडा कसा खाल्ला, ते तो तासभर सांगत बसला. त्या तासात मला सी++ जितकी कळली, तितकी आधी कधी कळली नव्हती.