नाणेनिधीचा कर्जकरार कसा वाचावा

विकसनशील देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज मंजूर झाले की बातम्यांमध्ये रक्कम ठळकपणे येते. त्याची झळ कोणाला बसणार, हे मात्र अटींवरून कळते. म्हणून नाणेनिधीच्या संकेतस्थळावर त्या देशाचा कार्यक्रम-अहवाल शोधावा आणि त्याला जोडलेल्या सरकारी इरादापत्राच्या (कर्जाच्या बदल्यात काय करणार हे सरकार ज्यात लिहून देते, त्या पत्राच्या) शेवटी असलेले लक्ष्यांचे तक्ते आधी वाचावेत. कर्ज हप्त्याहप्त्याने मिळते आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक हप्त्यापूर्वी याच तक्त्यांवरून आढावा घेतला जातो.

तक्त्यांतील सर्व लक्ष्यांचे वजन सारखे नसते, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. बंधनकारक निकष चुकला तर नाणेनिधीच्या संचालक मंडळाची सूट घ्यावी लागते, तर सूचक लक्ष्य चुकल्यास तशी गरज नसते. गरिबांसाठीच्या खर्चाची किमान मर्यादा कोणत्या रकान्यात आहे, हे म्हणूनच नीट पाहावे. श्रीलंकेला मार्च 2023 मध्ये सुमारे 3 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. तिथे डिसेंबर 2024 अखेरच्या संख्यात्मक लक्ष्यांपैकी सामाजिक खर्चाचे सूचक लक्ष्य तेवढे चुकले, तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये पुढचा हप्ता मंजूर झाला.

त्यानंतर महसूल कोणत्या करातून वाढणार आहे ते तपासावे. श्रीलंकेत वस्तू आणि सेवांच्या खरेदीवरचा मूल्यवर्धित कर जानेवारी 2024 पासून 15 टक्क्यांवरून 18 टक्के झाला. असा कर गरिबाच्या मिळकतीतला मोठा वाटा घेतो. मात्र 2019 च्या अखेरीस तिथल्या सरकारनेच हा कर 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला होता, हेही नोंदवावे, कारण सगळा दोष नाणेनिधीच्या माथी मारणारे विश्लेषण प्रामाणिक नसते. कर्ज मिळाले नसते तर आयात आणि महागाईचे काय झाले असते, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा.

विकासदराचे अंदाज जुन्या अहवालांतील अंदाजांशी आणि प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहावेत. अंदाज फार आशावादी असेल तर कर्जफेडीचे सारे गणित कोलमडते.

जागतिक बँकेच्या प्रकल्पकर्जासाठी पुनर्वसन आणि पर्यावरणाचे दस्तऐवज वाचावेत. बँकेने स्वतःचे नियम न पाळल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बाधित लोकांना 1993 मध्ये स्थापन झालेल्या तिच्या तपासणी मंडळाकडे थेट तक्रार करता येते.