हाडांची काळजी घेताना या चुका टाळा

मटणाच्या रश्शातली नळी हातात घेऊन एकदा नीट पाहा. बाहेरचा थर हस्तिदंतासारखा घट्ट, टोकांकडे पावासारखी जाळीदार रचना आणि मधल्या पोकळीत मगज, म्हणजेच मज्जा. आपल्या मांडीचे हाडही असेच असते. फरक एवढाच की ताटातली नळी मेलेली असते आणि मांडीतले हाड जिवंत असते. त्यात रक्तवाहिन्या असतात, जुने हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी असतात आणि त्या जागी नवे हाड घालणाऱ्या पेशीही असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग दरवर्षी असा नव्याने बांधला जातो. साधारण तिशीपर्यंत बांधणी मोडणीपेक्षा जास्त असते, पुढे काही वर्षे दोन्ही बरोबरीने चालतात आणि मग मोडणी वरचढ ठरते. घरोघरी हाडांच्या बाबतीत ज्या चुका होतात, त्यांतील बहुतेक हाडाला घराच्या खांबासारखी निर्जीव वस्तू समजल्यामुळे होतात.

पहिली चूक म्हणजे हाड म्हणजे केवळ कॅल्शियम असे मानणे. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड पाच-सहा दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळून जाते आणि तेच हाड रबरासारखे वाकू लागते. उरलेला हा चिवट भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. उलट हाड जाळले तर प्रथिन जळून जाते आणि उरलेले खनिज बोटाने दाबताच चुरते. ताकद या दोहोंच्या मिलाफात आहे, म्हणून चहा-बिस्किटे आणि मऊ भातावर दिवस काढणाऱ्या आजींना नुसती कॅल्शियमची गोळी देऊन भागत नाही. त्यांच्या ताटात डाळ, उसळ, दही, अंडे यांपैकी जे चालत असेल ते रोज हवे.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पाळी गेलेल्या स्त्रीला 1200. पेलाभर दुधातून सुमारे 240 मिलिग्रॅम मिळते, 100 ग्रॅम नाचणीतून साधारण 350, आणि संक्रांतीपुरते आठवणारे तीळ तर या बाबतीत नाचणीलाही मागे टाकतात. पालकात कॅल्शियम दिसते खरे, पण त्यातील ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते आणि आतड्यांत फारच थोडे शोषले जाते. पालक खावा, मात्र हाडांसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. गव्हाच्या दाण्याएवढा खायचा चुना रोज घ्यावा असा सल्ला मोबाइलवर फिरत असतो. चुना दाहक असतो, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजू शकते. तो घेऊ नये.

रक्तातले कॅल्शियम नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होणे ही दुसरी चूक, आणि ती सुशिक्षित घरांतही सर्रास होते. शरीरातील 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. हृदयाचे ठोके आणि स्नायूंची हालचाल रक्तातल्या उरलेल्या अंशावर अवलंबून असल्याने शरीर तो अंश काटेकोर सांभाळते. आहारातून कमी आले, तर मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून रक्तात भर घालतात. म्हणजे हाडे पोखरली जात असतानाही रिपोर्ट व्यवस्थित दिसतो. हाडांची घनता कळते ती डेक्सा स्कॅनने. त्यात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला, तर अस्थिठिसूळता आहे असे मानतात. मोफत शिबिरात टाचेवर यंत्र लावून होणारी तपासणी ही प्राथमिक चाळणी असते. तेवढ्यावरून औषध सुरू करू नये आणि तेवढ्यावरून निश्चिंतही होऊ नये. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षे झीज सर्वांत वेगाने होते, तेव्हा याच काळात डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण येथे दोन्ही टोकांच्या चुका होतात. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचे मोठे कौतुक आहे. सकाळी सातचे ऊन सुखावह असते, पण ज्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, ते किरण त्या वेळी जमिनीपर्यंत फारसे पोहोचतच नाहीत. साधी खूण अशी, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचे ऊन उपयोगाचे. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे काचेआड बसून मिळते ती फक्त ऊब. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ अशा बंदोबस्तात भर उन्हातून जातात आणि तरीही त्यांच्यात ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, याचे कारण हेच. हात आणि चेहरा उघडा ठेवून दहा-साडेदहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटे उन्हात राहावे. त्वचा जितकी सावळी, तितका वेळ थोडा अधिक लागतो. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखात मात्र दुपार टाळावी.

दुसरे टोक पुड्यांचे. 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी कमतरता असलेल्यांना बहुधा आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दिली जाते. औषधे म्हटली की रोज घ्यायची, या सवयीने ती पुडी काही जण रोज घेतात, तर काही जण बरे वाटले म्हणून महिनोन्महिने चालू ठेवतात. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, सहज बाहेर पडत नाही. अतिरेक झाला की रक्तातले कॅल्शियम वाढते आणि उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, गोंधळलेली मनःस्थिती अशी लक्षणे दिसतात. मूत्रपिंडालाही इजा होते. घरात वयस्कर माणूस असेल तर पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहून ठेवा, आणि शेवटची पुडी कोणत्या तारखेला संपणार तेही.

व्यायामाबाबतचा गैरसमज वेगळा आहे. कोणताही व्यायाम हाडांना सारखाच उपयोगी, असे आपण धरून चालतो. जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडले की हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार स्वतःची रचना बदलते. अवकाशवीरांच्या खुब्याचे हाड वजनरहित अवस्थेत महिन्याला एक ते दीड टक्का झिजते, ही त्याचीच दुसरी बाजू. पोहणे आणि सायकल हृदयाला उत्तम, पण त्यांत हाडांवर भार थोडाच येतो. झपाझप चालणे, जिने चढणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे यांची जोड हवी. ज्यांची हाडे आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र कमरेत वाकून भरलेली बादली उचलू नये. एवढ्याने मणका दबू शकतो, आणि तो अनेकदा वेदनेशिवायही दबतो. वय झाले की पोक येतेच असे म्हणून आपण ते सोडून देतो. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरहून अधिक घटली असेल, तर पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा.

मुलांच्या बाबतीत आमच्याच घरी झालेली चूक सांगतो. अकरा वर्षांचा भाचा सायकलवरून पडला. मनगट सुजले होते, पण बोटे हलत होती. बोटे हलतात म्हणजे हाड शाबूत, असे आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकले, आंबेहळदीचा लेप लावला आणि तीन दिवस वाट पाहिली. एक्स-रेमध्ये दुखापत निघाली ती वाढीच्या चकतीला. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची ही चकती असते, तिच्यामुळेच हाड लांबीने वाढते, आणि मुलींमध्ये साधारण 14-15, मुलांमध्ये 16-17 वर्षांच्या सुमारास ती भरून येते. वाढत्या वयात ती आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही, म्हणजे हाडे एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांपेक्षाही, कमजोर असते, म्हणून मोठ्यांमध्ये जिथे मुरगळते, तिथे मुलांमध्ये चकती निसटते. वेळेत बसवली नाही, तर हाड वाकडे किंवा आखूड वाढू शकते. भाच्याचे मनगट सरळ वाढले, पण त्या तीन दिवसांची रुखरुख मला आजही आहे. कोपराच्या दुखापतीवर तेल लावून जोराने चोळणे तर मुळीच नको, कारण त्याने स्नायूतच हाड तयार होऊन कोपर आखडू शकते.

प्लास्टरनंतर बोटे निळी किंवा फिकट पडली, मुंग्या आल्या, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालयात जावे. आवळलेल्या प्लास्टरखाली रक्तपुरवठा थांबला, तर काही तासांत स्नायू मरतात. खाज सुटते म्हणून आत पट्टी किंवा विणायची सुई घालू नये. तंबाखू आणि मिश्री यांनी हाड जुळायला उशीर होतो, हे घरातल्या मोठ्यांना स्पष्ट सांगावे.

शेवटी गोळ्यांचे. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण घटते, म्हणून एक दुपारी आणि एक रात्री घ्यावी. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच घ्यावे, आणि एका वेळी 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सांधेदुखीवर मिळणाऱ्या निनावी पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड असते. दुखणे चुटकीसरशी थांबते आणि हाडे आतून पोकळ होत जातात.

अस्थिठिसूळतेवरची अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी रिकाम्या पोटी घेतली तरी एक टक्क्याहून कमी शोषली जाते. चहासोबत घेतली तर जवळजवळ वायाच जाते, आणि घेतल्यावर आडवे झाले तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. माझी आई वर्षभर ती चहाबरोबर घेत होती, कारण तिला कोणी नीट सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. आता रविवारी सकाळी ती पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी घेते, घड्याळ पाहते, तुळशीला पाणी घालते, अंगणातला पाचोळा उभ्यानेच लांब दांड्याच्या झाडूने लोटते, आणि पूर्ण अर्धा तास झाल्यावरच गॅसवर चहाचे आधण ठेवते.