सोसायटीतली गळती: आधी उगम शोधा, मग ठेकेदार बोलवा

गळतीच्या कामात सोसायटीचा पैसा वाया जातो त्याचे कारण बहुतेक ठिकाणी एकच असते. पाणी नेमके कुठून येते हे ठरण्याआधीच कोटेशन मागवले जाते. वॉटरप्रूफिंगवाला येतो, तो गच्ची करायला सांगतो. प्लंबर येतो, तो पाइप बदलायला सांगतो. दोन्ही कामे होतात आणि पुढच्या जुलैत त्याच छतावर तोच डाग दिसतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कमिटीने हे काम कोणत्या क्रमाने करावे ते पुढे दिले आहे.

डाग कधी वाढतो ते लिहून ठेवा

ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटजवळ असेल तर सर्वांत आधी त्या सर्किटचा एमसीबी (मीटर बोर्डातला वीज तोडणारा स्विच) खाली करा. मग डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ हेच करा. एवढ्या नोंदीवरून निम्मा उलगडा होतो.

फक्त पावसाळ्यात वाढणारी ओल गच्चीची, बाहेरच्या भिंतीची किंवा खिडकीच्या चौकटीची असते. बारा महिने आणि दिवसभर एकसारखे ठिबकत असेल तर दाबाखालच्या पाण्याच्या लाइनवर संशय घ्या. सकाळी आंघोळीच्या वेळी वाढून दुपारी ओसरत असेल तर दोष वरच्या बाथरूमच्या फरशीत, नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालचे पाणी जायचे भांडे) किंवा सांडपाण्याच्या पाइपात असतो. पंप चालू असताना किंवा टाकी भरल्यावरच पाणी येत असेल तर पंपाची चढती लाइन आणि टाकीचा ओव्हरफ्लो तपासा.

डाग जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. पाणी स्लॅबमधून, वायरिंगच्या नळीतून किंवा बीमच्या कडेने वाट काढत काही फूट लांब जाऊन टपकते. म्हणून वरच्या मजल्यावर बोट दाखवण्याआधी चाचणी करा.

चाचण्या: एका वेळी एकच

चाचणीला वरचा मेंबर, खालचा मेंबर आणि कमिटीचा एक जण हजर हवा. शेवटी दोन ओळींचा पंचनामा लिहून तिघांच्या सह्या घ्या. पुढे वाद वाढला तर हाच कागद उपयोगी पडतो.

पहिली चाचणी पाण्याच्या लाइनची. वरच्या फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, लाइनच्या टोकाला प्लंबरचा हातपंप लावून नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्या आणि अर्धा तास काटा पाहा. गीझर आधी लाइनपासून वेगळा करा, नाहीतर त्याचाच व्हॉल्व्ह सुटेल. काटा खाली आला तर भिंतीतला पाइप किंवा जॉइंट फुटलेला आहे. हातपंप नसेल तर तो व्हॉल्व्ह २४ तास बंद ठेवून खालचे ठिबकणे कमी होते का ते पाहा.

दुसरी फरशीची. नहाणी ट्रॅपचे तोंड रबरी बुचाने घट्ट बंद करा आणि बाथरूममध्ये २५ मिलिमीटर पाणी साठवा. भिंतीवर पातळीची खूण करा. शेजारी पाण्याने भरलेली एक परात ठेवून तिच्यातही खूण करा. २४ तासांनी परातीतले पाणी जितके उतरले तितके बाष्पीभवन. बाथरूममधले त्याहून जास्त उतरले तर फरशी गळते आहे.

तिसरी सांडपाण्याची. कमोड, बेसिन आणि नहाणी यांत वेगवेगळ्या रंगांचे पाणी वेगवेगळ्या दिवशी सोडा. खाली रंग दिसला तर प्रश्न मिटला. नाही दिसला तर वरचा फ्लॅट निर्दोष ठरत नाही, कारण काँक्रीट आणि प्लास्टरमधून झिरपताना रंग अडकून राहू शकतो. अशा वेळी ठिबकण्याची वेळ आणि पाण्याची पातळी यांवर जास्त विश्वास ठेवा.

बाहेरच्या भिंतीवर होजपाइपने पाणी मारताना खालून वर जा. आधी खिडकीच्या खालची पट्टी १५ ते २० मिनिटे, मग चौकट, मग छज्जा, मग वरचा तडा. वरून सुरुवात केली तर सगळीच भिंत भिजते आणि पाणी कुठून शिरले ते कळत नाही. एसीचे ब्रॅकेट, ग्रिलचे स्क्रू आणि भिंतीवर ठिबकणारी एसीची ड्रेन नळी मुद्दाम पाहा.

गच्ची

पावसाळी पाइपांची तोंडे बंद करून ५० मिलिमीटर पाणी ४८ तास साठवणे ही नेहमीची चाचणी. पण पाण्याचे वजन विसरू नका. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे साडेचार टन. इमारत जुनी असेल, स्लॅबच्या खालून सळ्या दिसत असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय पाणी साठवू नका. एरवीसुद्धा सिमेंटचे छोटे बांध घालून एकेक भाग तपासावा. बिघाड कोणत्या भागात आहे ते त्यातून कळते आणि सगळी गच्ची उखडावी लागत नाही.

बहुतेक वेळा गच्चीचे पाणी मधल्या भागातून शिरत नाही. पाच जागा आधी बघा: कठड्याला लागून असलेला वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई), पावसाळी पाइपाचे तोंड, पाण्याच्या टाकीचे पाये, गच्चीतून खाली जाणाऱ्या पाइपांभोवतीची कड आणि डिश अँटेना किंवा सोलरच्या स्टँडसाठी मारलेले बोल्ट. शेवटचे कारण अलीकडे फार वाढले आहे. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, गच्चीला भोक न पाडता उभा करायचा, ही अट सोलरच्या करारातच घाला.

जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) नवा कोबा घालण्याचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा. १०० मिलिमीटर जाडीच्या ब्रिकबॅट कोब्याचे वजन दर चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जाते. ज्या स्लॅबच्या सळ्या आधीच गंजत आहेत, त्याच्या डोक्यावर हे ओझे चढवायचे नसते. जुना कोबा पोकळ वाजत असेल तर काढा, स्लॅब साफ करून तडे भरा, मग पाइपाच्या तोंडाकडे किमान १०० ला १ असा उतार देऊन नवा घाला. कोबा घट्ट असेल आणि दोष फक्त पृष्ठभागाचा असेल तर तडे भरून लेप पुरतो. लेप कठड्यावर एक फूट चढवावा; लेपाचा एक थर आडवा आणि पुढचा उभा मारावा. ओल्या पृष्ठभागावर लेप दिला तर आतली वाफ त्याला फुगे आणते आणि पहिल्याच उन्हाळ्यात तो सोलून निघतो. म्हणून हे काम पाऊस संपून गच्ची पूर्ण सुकल्यावर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत संपवा. जूनमध्ये घाईने मारलेला लेप म्हणजे फेकलेले पैसे.

खालच्या घरातून, छताला भोके पाडून रसायन भरणारेही येतात. वरून पाणी थांबवल्याशिवाय हे करू नका. खालचे तोंड बंद झाले की पाणी स्लॅबमध्येच कोंडते, सळ्या गंजतात, गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पडू लागतात.

खर्च कोणाचा

सहकार खात्याने संस्थांसाठी ठरवलेल्या नमुना नियमांत, म्हणजे आदर्श उपविधींत, दुरुस्तीचे कलम आहे. तुमच्या संस्थेने कोणत्या वर्षीचे उपविधी स्वीकारले त्यानुसार त्याचा क्रमांक १५९ किंवा १६० असतो. गच्ची, कठडा, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, सामाईक पाणी आणि ड्रेनेज लाइन, पावसाची गळती आणि गच्चीतून झिरपल्यामुळे खराब झालेले सर्वांत वरच्या मजल्याचे छत व त्याचे प्लास्टर, हे सगळे संस्थेच्या खर्चाने. त्या यादीत नसलेले काम मेंबरच्या खर्चाने. म्हणजे वरच्या बाथरूमची फरशी गळत असेल तर वरच्या मेंबरने स्वखर्चाने दुरुस्त करायची, आणि गच्ची गळत असेल तर तळमजल्याच्या मेंबरनेही वाटा द्यायचा. ‘गच्चीशी आमचा काय संबंध’ हा प्रश्न सभेत येणारच, तेव्हा कलमाची प्रत हाताशी ठेवा.

इमारत नवी असेल तर आधी बिल्डरकडे जा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा, सोबत तारखेचे फोटो आणि पंचनामा जोडा. त्याआधी स्वतः तोडफोड केलीत तर बिल्डर दोष तुमच्या माथी मारेल.

दुरुस्ती निधी किती जमतो तेही बघा. उपविधींत प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड सांगितला आहे. बांधकाम खर्च २० लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला १५,००० रुपये होतो. जुन्या इमारतीत हाच खर्च कागदावर १ लाख असतो, मग वर्षाला ७५० रुपये जमतात आणि दुरुस्तीची वेळ आली की एकदम मोठी वर्गणी काढावी लागते. ०.७५ ही खालची मर्यादा आहे. सर्वसाधारण सभा दर वाढवू शकते. तो आताच वाढवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. सिंकिंग फंडाला मात्र किरकोळ गळतीसाठी हात लावू नका. तो पुनर्बांधणी आणि मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी आहे.

सभा, अंदाजपत्रक, करार

कमिटीच्या खर्चाच्या मर्यादेपलीकडचे काम सर्वसाधारण सभेपुढे न्यावेच लागते. विशेष सभेची नोटीस पूर्ण ५ दिवसांची, वार्षिक सभेची पूर्ण १४ दिवसांची. गणपूर्ती एकूण मेंबरांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांतली जी संख्या कमी असेल ती. ठरावात कामाचा तपशील, कमाल रक्कम, वर्गणी कोणत्या हिशेबाने आणि किती हप्त्यांत, हे सगळे हवे. ‘दुरुस्ती करून घ्यावी’ एवढाच ठराव पुढे भांडणाला जागा देतो.

इमारतीला १५ वर्षे झाली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिटही (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) झाले आहे का ते पाहा: १५ ते ३० वर्षांत दर ५ वर्षांनी, ३० वर्षांनंतर दर ३ वर्षांनी, असे उपविधी सांगतात. अहवालात फक्त फोटो नकोत. काँक्रीटची अवस्था आणि सळ्यांचा गंज दाखवणाऱ्या रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल पोटेन्शियल आणि कार्बोनेशन या चाचण्यांचे आकडे मागा.

कोटेशन किमान तीन घ्या, पण तिघांनाही एकच कामांची यादी द्या. यादी संस्थेच्या इंजिनिअरने बनवलेली हवी: इतके चौरस मीटर प्लास्टर, इतके रनिंग मीटर वाटा, इतके पाइप, प्रत्येकाचा वेगळा दर. ‘संपूर्ण गच्ची, एकरकमी’ अशा कोटेशनांची तुलनाच होत नाही. करारात एवढे तरी असावे:

– मालाचा ब्रँड, लेपांची संख्या आणि दर चौरस मीटरला किती किलो माल. रिकामे डबे मोजून परत घ्यायचे.
– बिल मोजमापानंतर; आगाऊ रक्कम कमीत कमी.
– प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवायचे आणि एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर द्यायचे.
– कामगारांचा विमा आणि उंचीवर सेफ्टी बेल्ट.
– गॅरंटी ठेकेदार आणि माल बनवणारी कंपनी या दोघांची, लेखी.

दहा वर्षांची तोंडी गॅरंटी देणारा ठेकेदार तिसऱ्या वर्षी फोन उचलेलच असे नाही. राखून ठेवलेले ५ टक्के तिच्यापेक्षा जास्त काम करतात. बिल देताना टीडीएस (ठेकेदाराचा आगाऊ कापलेला आयकर) कापायचा असतो, त्यासाठी संस्थेचा टॅन (कर कापणाऱ्याचा आयकर क्रमांक) आधीच काढून ठेवा.

वरचा मेंबर दार उघडत नसेल तर

आधी साधे पत्र द्या आणि पोच घ्या. मजकूर असा चालेल: ‘सप्रेम नमस्कार. आपल्या फ्लॅटखालील बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत आहे. उगम ठरवण्यासाठी पाणी साठवून चाचणी करायची आहे. येत्या रविवारपर्यंत सोयीची वेळ कळवावी. चाचणीचा खर्च संस्था करील. दोष आपल्या फ्लॅटमध्ये आढळल्यास दुरुस्ती आपल्या खर्चाने करावी लागेल.’ दोषारोप न करता फक्त चाचणीची परवानगी मागितली की बरेच जण तयार होतात. पाहणीसाठी कमिटीला आत येऊ देण्याचे बंधन उपविधींत आहेच. दोन पत्रांनंतरही नकार आला तर कमिटीत ठराव करून नोटीस द्या. पुढचा मार्ग महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकारी न्यायालय. गळती आणि दुरुस्तीचे वाद तिथे जातात, सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे नाही. तिथे पत्रांच्या पोचा आणि पंचनामे लागतील, म्हणून पहिल्या दिवसापासून फाइल ठेवा.

बाथरूम तोडणाऱ्यांसाठी नियम

बाथरूमची गळती बऱ्याचदा नूतनीकरणानंतर सुरू होते. फरशी तोडताना जुना लेप फाटतो, ट्रॅप हलतो आणि वर सुंदर टाइल बसतात. म्हणून नूतनीकरणाच्या परवानगीत एक अट घाला: पूर्ण स्लॅबवर, भिंतीवर एक फूट उंचीपर्यंत आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट उंचीपर्यंत लेप द्यायचा, पाइप स्लॅबमधून जातो तिथली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायचा मसाला) भरायची, आणि टाइल लावण्याआधी ४८ तास पाणी साठवून खालच्या मेंबरची सही आणायची. टाइल लागल्यानंतर केलेल्या चाचणीत दोष सापडला तर सगळे पुन्हा तोडावे लागते.

आधीच गळणाऱ्या बाथरूममध्ये मात्र थेट घण चालवू नका. टाइलचे सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, नहाणी ट्रॅपची कड नव्याने बसवा, दोन-तीन दिवस सुकू द्या आणि परातीची चाचणी पुन्हा करा. पातळी टिकली तर तोडफोड वाचली. नाही टिकली, तर फरशी काढण्याला पर्याय नाही.