पुरस्कार, रेसिडेन्सी, ग्रँट: फॉर्म भरायच्या आधी बघा की फॉर्म नक्की कुणी भरायचाय

लिहिणाऱ्या लोकांकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे अमक्या पुरस्काराला अप्लाय कसं करायचं, आणि बऱ्याचदा त्याचं खरं उत्तर असं असतं की तुम्ही करूच शकत नाही, कारण तो अर्ज लेखकाने करायचाच नसतो. त्यामुळे कुठलीही लिंक हाती आली की रक्कम किती आणि डेडलाइन कधी हे नंतर बघा, आधी बघायचं ते हे की नाव पाठवतं कोण. लेखक, प्रकाशक, अनुवादक, लायब्ररी, की कुणीच नाही. एवढं एक बघितलं तरी अर्धा वेळ वाचतो.

नोबेलचंच घ्या. तिथे स्वतःचं नाव सुचवता येत नाही, नामांकनं येतात ती अकादम्यांचे सदस्य, साहित्य-भाषाशास्त्राचे प्राध्यापक, आधीचे विजेते, देशोदेशीच्या लेखक संघटनांचे अध्यक्ष अशा लोकांकडून, ३१ जानेवारीपर्यंत, आणि कुणी कुणाचं नाव दिलं ते ५० वर्षं बाहेर येत नाही. म्हणजे एखाद्याच्या परिचयात ‘नोबेलसाठी नामांकित’ असं लिहिलेलं दिसलं तर काय समजायचं ते समजा. बुकरला पुस्तक प्रकाशक पाठवतो. इंटरनॅशनल बुकरलाही प्रकाशकच, पण तिथे अट अशी की पुस्तक इंग्रजीत अनुवाद होऊन युके किंवा आयर्लंडमध्ये छापलेलं पाहिजे, आणि ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक अर्धे-अर्धे वाटून घेतात. डब्लिन शहराच्या साहित्य पुरस्काराला जगभरातल्या लायब्रऱ्या पुस्तकं सुचवतात, रक्कम १,००,००० युरो, पुस्तक अनुवादित असेल तर त्यातले २५,००० अनुवादकाचे. मुलांच्या पुस्तकांसाठीचा हान्स क्रिश्चन अँडरसन पुरस्कार असतो, त्याची नावं तो देणाऱ्या इब्बी या बालसाहित्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या देशोदेशीच्या शाखा पाठवतात. येल विद्यापीठाच्या विंडहॅम-कॅम्पबेलला तर अर्जच नसतो, सगळं गुपचूप चालतं आणि एक दिवस लेखकाला थेट कळवतात की तुम्हाला मिळालंय.

मग यात आपल्या हातात काय? तर प्रकाशकाशी करार करतानाच विचारून घ्यायचं. पुस्तक पुरस्कारांना पाठवणार का, कुठल्या, पाठवायच्या प्रती कुणाच्या खर्चाने, आणि हे लेखी घ्यायचं, तोंडी ‘हो हो बघू’ला काही अर्थ नसतो. दुसरं म्हणजे प्रकाशनाची तारीख. बुकरचं वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असं चालतं, इंटरनॅशनल बुकरचं १ मे ते ३० एप्रिल. पुस्तक चार दिवस इकडचं तिकडे झालं तर वर्ष बदलतं, आणि ज्या पुरस्काराचा फॉर्म आधीच बंद झालाय त्याच्या वर्षात तुमचं पुस्तक जाऊन बसलं तर त्यावर इलाज नाही. प्रकाशकाच्या डोक्यात हे असेलच असं धरून चालू नका, आठवण करून द्या, त्यात लाज कसली.

आता जिथे आपण स्वतः पाठवू शकतो ते. कॉमनवेल्थ शॉर्ट स्टोरी प्राइझ हे चांगलं उदाहरण आहे: कॉमनवेल्थ म्हणजे राष्ट्रकुल देशाचे नागरिक असाल, वय १८ पूर्ण असेल, कथा २,००० ते ५,००० शब्दांची आणि कुठेही न छापलेली असेल तर चालते, फी शून्य. प्रादेशिक विजेत्याला २,५०० पौंड, एकूण विजेत्याला ५,०००. इंग्रजीशिवाय बंगाली, तमिळ अशा काही ठरावीक भाषांतल्या कथा मूळ भाषेतच घेतात, आपली भाषा त्या यादीत नसेल तर इंग्रजी अनुवाद पाठवता येतो.

अशा स्पर्धांमध्ये लोक बाद होतात ते कथा वाईट म्हणून नाही तर फालतू गोष्टींमुळे. ‘अप्रकाशित’ या अटीत बऱ्याच ठिकाणी ब्लॉग आणि सोशल मीडियावर टाकलेलं सुद्धा प्रकाशितच धरतात, म्हणजे कथा फेसबुकवर टाकून लाइक घेतले की ती स्पर्धेतून गेली. ५,००० म्हणजे ५,०००, ५,०४० चालून जाईल असं वाटतं, तसं काही नसतं. आणि निनावी परीक्षण असेल तर नाव फक्त पहिल्या पानावरून काढून भागत नाही, हेडरमध्ये असतं, फाइलच्या नावात असतं, आणि सगळ्यात फसवी जागा म्हणजे फाइलची प्रॉपर्टी, तिथे ‘ऑथर’ समोर तुमचं पूर्ण नाव कॉम्प्युटरने आपणहून टाकलेलं असतं. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, मग डॉक्युमेंट इन्स्पेक्टर चालवा, त्यात सापडलेली नावं ‘रिमूव्ह ऑल’ने पुसून टाका, त्यानंतर पीडीएफ करा आणि पीडीएफची प्रॉपर्टी पुन्हा एकदा उघडून बघा.

एन्ट्री फीबद्दल माझं मत सरळ आहे. छोटी मासिकं फी घेतात, त्यांचा खर्च त्यातून निघतो, ते समजू शकतो. पण जिथे शंभर कॅटेगरी आहेत, प्रत्येकीत विजेते, उपविजेते, फायनलिस्ट, आणि जिंकल्यावर पदक, स्टिकर, सर्टिफिकेट विकत घ्या असा मेल येतो, तो पुरस्कार नाही, दुकान आहे. त्याहून वाईट म्हणजे आपण कधी पुस्तक पाठवलंच नाही आणि ‘अभिनंदन, तुमची निवड झालीये’ म्हणून मेल येतो, पुस्तकाची स्तुती एकदम मोघम, कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येईल अशी, आणि खाली प्रोसेसिंग फी. सरळ डिलीट. शंका असेल तर रायटर बिवेअर नावाचा उपक्रम अशा प्रकारांचीच चिरफाड करत असतो, तिथे नाव शोधा. नियमावलीतला हक्कांचा भागही वाचा, काही स्पर्धांत नुसता भाग घेतला तरी छापायचे हक्क आयोजकांना जातात असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. जिंकणाऱ्याची कथा एकदा छापायचा हक्क मागणं ठीक, आलेल्या प्रत्येक कथेचा मागणं अजिबात ठीक नाही.

रेसिडेन्सी हा वेगळा खेळ आहे, कारण तिथे झालेल्या कामाला बक्षीस नसतं, होणाऱ्या कामाला जागा आणि वेळ असतो. शोधायला रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन वेबसाइटवरच्या याद्या बऱ्या, पण त्या सगळ्याच कलांच्या असतात तेव्हा लेखकांचं फिल्टर लावा. आणि पहिल्यांदा पैशाची ओळ वाचा. काही ठिकाणी सगळं मिळतं, काही ठिकाणी राहणं-खाणं फुकट पण प्रवास आपला, आणि बऱ्याच ठिकाणी तर आपणच पैसे भरायचे असतात, ज्याला मी रेसिडेन्सी न म्हणता निसर्गरम्य लॉज म्हणतो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं मॅकडॉवेल १९०७ पासून चालू आहे, राहण्याची फी नाही. तिथे दुपारचं जेवण टोपलीतून स्टुडिओच्या दाराशी ठेवून जातात, म्हणजे कामात व्यत्यय नको, आणि प्रत्येक स्टुडिओत लाकडी पाट्या असतात ज्यावर आधी राहून गेलेल्यांनी सह्या केलेल्या असतात. स्कॉटलंडमधल्या हॉथॉर्नडनला दिवसा शांतता पाळतात. अनुवादकांसाठी वेगळी घरं आहेत, जर्मनीत श्ट्रालेनला आणि स्वित्झर्लंडमध्ये लोरेनला, तिथे शब्दकोशांनी भरलेली लायब्ररी आणि आजूबाजूला आपल्यासारखेच एका शब्दावर दोन दिवस घालवणारे लोक. ज्यांना लिहिण्यामुळे स्वतःच्या देशात धोका आहे त्यांच्यासाठी आयकॉर्न हे शहरांचं नेटवर्क आहे, पण ते आश्रयासाठी आहे, निवांतपणासाठी नाही, त्याचा अर्ज त्याच गांभीर्याने करायचा असतो.

जुन्या याद्यांवर मात्र विसंबू नका. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा लेखकांसाठीचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम १९६७ पासूनचा, जगात नावाजलेला, तरी २०२५ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने त्यांची ग्रँट बंद केली. तीन वर्षांपूर्वी कुणी ‘मला असं असं मिळालं होतं’ लिहिलेलं वाचून अर्जाला बसू नका, चालू वर्षाचं पान उघडा.

अर्जात साधारण चार गोष्टी मागतात, लेखनाचा नमुना, प्रोजेक्टची माहिती, सीव्ही आणि शिफारस. यातला नमुना सगळ्यात जड. कादंबरीसाठी जाताय तर कादंबरीचाच द्या, जुन्या गाजलेल्या कविता नकोत. पहिलं प्रकरणच द्यायला हवं असा नियम नसतो, जिथे लिखाण पेटलंय तिथली पानं द्या आणि वर दोन ओळींत सांगा की कथा कुठपर्यंत आलीये, कारण वाचणाऱ्यासमोर असे ढिगाने अर्ज असतात आणि सुरुवातीच्या दोन-तीन पानांत पकड आली नाही तर तो पुढे सरकतो. नमुना अनुवादित असेल तर अनुवादकाचं नाव द्या आणि त्यावर खर्च करायची तयारी ठेवा, घाईचा अनुवाद परीक्षकाला तुमचंच लिखाण वाटतो.

प्रोजेक्टच्या माहितीत बहुतेकांची गाडी मोठ्या शब्दांत रुतते. उदाहरणार्थ हे बघा: ‘स्थलांतर, स्मृती आणि अस्मिता यांच्या परस्परसंबंधाचा वेध घेणारी कादंबरी मी लिहीत आहे.’ यात काय कळलं? काहीच नाही. आता हे: ‘तीन बहिणींची गोष्ट आहे, थोरलीचा भाग लिहून झालाय, साधारण ९० पानं. मधलीचा भाग पूर्ण पत्रांमधून सांगायचाय, त्याची टिपणं तयार आहेत, चार आठवड्यांत त्याचा पहिला खर्डा पूर्ण करायचाय. धाकटीचा भाग नंतर, घरी.’ इथे कळतं की काम कुठे आहे, तिथे येऊन काय होणार आहे, आणि माणूस हवेत बोलत नाहीये. ‘तुमचीच रेसिडेन्सी का’ हा प्रश्न असेल तर त्यांच्या वेबसाइटवरचीच वाक्यं त्यांना परत ऐकवू नका, त्यांनी ती लिहिलीयेत, त्यांना पाठ आहेत.

शिफारशीसाठी मोठं नाव शोधण्यापेक्षा तुमचं लिखाण खरंच वाचलेला माणूस बरा. त्याला महिना-दीड महिना आधी विचारा, सोबत नमुना, प्रोजेक्टची माहिती आणि डेडलाइन एकाच मेलमध्ये द्या. बऱ्याच ठिकाणी पत्र आपण जोडायचं नसतं, सबमिटेबलसारख्या ऑनलाइन अर्ज घेणाऱ्या सिस्टिममधून त्यांना थेट लिंक जाते आणि ती स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा एक फोन करायचाच.

आता प्रकाशक मंडळी. तुमच्यासाठी संधी आहेत त्या मुख्यतः पुस्तक मेळ्यांभोवती: फ्रँकफर्ट ऑक्टोबरमध्ये, मुलांच्या पुस्तकांचं बोलोन्या वसंतात, शारजा नोव्हेंबरमध्ये. फ्रँकफर्टची तरुण संपादक आणि राइट्स म्हणजे पुस्तकांच्या हक्कांची खरेदी-विक्री बघणाऱ्यांसाठी १९९८ पासून फेलोशिप आहे, आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या छोट्या स्वतंत्र प्रकाशकांसाठी वेगळा निमंत्रण कार्यक्रम आहे ज्यात स्टॉलसकट मदत मिळते. तिथे जाऊन ‘भेटू कुणालातरी’ असं होत नाही, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मीटिंग्ज कित्येक आठवडे आधीच भरून जातात. सोबत न्यायचा तो राइट्स कॅटलॉग, एका पुस्तकाला एक पान, त्यात गोष्टीचा सारांश शेवटासकट (‘पुढे काय होतं ते वाचा’ हे ब्लर्बमध्ये म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरच्या मजकुरात ठीक, राइट्सच्या टेबलावर नाही), आधी कुठल्या भाषांचे हक्क विकले गेलेत ते, आणि नमुन्याचा अनुवाद. आणि हो, अनुवादाचे हक्क तुमच्याकडे आहेत का हे जायच्या आधी करार काढून बघा, नसतील तर आपण लेखकाच्या मालकीची गोष्ट विकायला निघालोय.

प्रकाशकांनी सगळ्यात कमी वापरलेली गोष्ट म्हणजे अनुवाद अनुदान. नॉर्वेची नोर्ला, जर्मनीचं ग्योटे इन्स्टिट्यूट, फिनलंडची फिली, नेदरलँड्सचा साहित्य निधी, कोरियाची साहित्य अनुवाद संस्था, हे सगळे आपापल्या देशाच्या साहित्याचा परक्या भाषेत अनुवाद व्हावा म्हणून पैसे देतात, आणि अर्ज सहसा त्या परक्या भाषेतल्या प्रकाशकाने म्हणजे तुम्ही करायचा असतो. साधारणपणे हक्कांचा सही झालेला करार, अनुवादकाशी केलेला करार आणि अनुवादकाचा सीव्ही एवढं लागतं. फक्त क्रम पाळा, पुस्तक छापून झाल्यावर अर्ज करणं म्हणजे वरातीमागून घोडं, बहुतेक ठिकाणी तो बघतसुद्धा नाहीत. उलट दिशेला, म्हणजे इंग्रजीत जाण्यासाठी, इंग्लिश पेन या लेखक संघटनेचं पेन ट्रान्सलेट्स अनुदान प्रकाशक मागतो तर पेन अमेरिकेचं पेन/हाइम अनुवादक स्वतः मागतो, म्हणजे परत तोच पहिला प्रश्न.

एक साधी शीट ठेवा सगळ्याची, कुठे काय पाठवलं, कुठल्या फाइलचं कुठलं व्हर्जन, उत्तर कधी अपेक्षित. एकच कथा अनेक ठिकाणी पाठवणं कुठे चालतं कुठे नाही ते त्यात लिहा, आणि एका जागी घेतली गेली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवून मागे घ्या, संपादक हे लक्षात ठेवतात. परदेशातून बक्षीस आलं तर टॅक्सचं आधी विचारा, अमेरिकेत परदेशी विजेत्याच्या रकमेतून सहसा ३० टक्के तिथेच कापून घेतात आणि दोन देशांत करांबाबत करार असेल तर सूट मिळवायला फॉर्म भरावा लागतो. रेसिडेन्सीचं निमंत्रण पत्र आलं की व्हिसा कुठल्या प्रकारचा काढायचा ते आयोजकांनाच विचारा, टुरिस्टवर जाऊन येईन हे स्वतःच ठरवू नका.

वेटलिस्टवर नाव आलं तर गप्प बसायचं नाही. दोन ओळींचा मेल टाका की अजून इच्छा आहे, अमुक तारखांना येऊ शकतो आणि पासपोर्ट तयार आहे, कारण शेवटच्या महिन्यात कुणाचा ना कुणाचा व्हिसा अडकतोच आणि तेव्हा आयोजक यादीतल्या त्या माणसाला विचारतात जो लगेच हो म्हणेल.