क्विल्ट केलेल्या छोट्या चांदणीची टोके बोथट होत असतील तर

नाताळच्या भेटीसाठी शिवलेली 9 सेंटिमीटरची क्विल्ट केलेली (म्हणजे कापड मऊ थरावर ठेवून टिपांनी जोडलेली) चांदणी उलटवली, की तिची टोके गुठळीसारखी गोल होत आणि दोन टोकांमधल्या खाचेत चुण्या पडत. टोके सुईने बाहेर ओढली तर धागे निसटत. जोर देऊन इस्त्री केली तर बॅटिंग, म्हणजे आतला मऊ थर, चपटे होई, चुण्या मात्र तशाच राहत. इतके निगुतीने केलेले काम शेवटच्या पायरीवर बिघडताना पाहून फार वाईट वाटे.

मूळ अडचण मायेत, म्हणजे टिपेबाहेर सोडलेल्या कापडाच्या पट्टीत, अडकलेल्या बॅटिंगची होती, कारण टोकाशी दोन्ही बाजूंची माया एकमेकींवर येते आणि त्यात हा जाड थर भरला की कापडाला वळायला जागाच उरत नाही.

क्विल्टिंगने कापड थोडे आक्रसते, म्हणून आता मी दर्शनी कापड बॅटिंगवर आधी क्विल्ट करते आणि मगच पाठीच्या कापडावर, उलट बाजूने, चांदणी आखते. त्याच कापडाला मध्यभागी 3 सेंटिमीटरची चीर देऊन दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवते, रिबिनीचा फास आत घेते आणि आखलेल्या रेषेवर 1.5 मिलिमीटरच्या टाक्याने सलग टीप मारताना प्रत्येक टोकाशी एक आडवा टाका घेते. त्यानंतर 5 मिलिमीटर माया ठेवून आकार कापते, मायेतले बॅटिंग टोकदार कात्रीने अगदी टिपेलगत काढून टाकते, टोके आडवी छाटते आणि खाचेत टिपेपासून जेमतेम 1 मिलिमीटरवर थांबणारी कात्री मारते. ही कात्री आखूड राहिली तर चुणी जात नाही, हे विशेष जपावे. शेवटी चिरेतून चांदणी उलटवून बोथट काडीने टोके हलकेच बाहेर काढते आणि चीर लपत्या टाक्यांनी बंद करते.